पोर्टेबल साउंडची घरघर रिपेअरला नेली की गायब का होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रोज कार्यक्रमांच्या बातम्या असतात, कोण आलं, कोण काय बोललं, प्रतिसाद कसा उत्स्फूर्त होता वगैरे. पण स्पीकरमधून सगळा वेळ नुसती घरघर चालू होती आणि मागच्या निम्म्या लोकांना एक वाक्य धड कळलं नाही हे काही कधी छापून येत नाही. तक्रार म्हणून नाही लिहीत, पण ह्या विषयावर कुणी लिहितच नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी छोट्या कार्यक्रमांना साउंड लावतो, दोन पॉवर्ड स्पीकर (आवाज मोठा करणारा अँप आतच असलेले), एक छोटा मिक्सर (सगळ्या माईकांचे आवाज एकत्र करणारं यंत्र), चारपाच माईक, गाडीच्या डिकीत बसेल एवढंच सामान. मोठ्या स्टेजवाल्यांसाठी हे पत्र नाही, त्यांच्याकडे माणसं असतात. ज्या शाळांनी, संस्थांनी, क्लबांनी स्वतःचा पोर्टेबल सेट घेतलाय आणि दर कार्यक्रमाला 'आज परत आवाज येतोय रे' म्हणत कपाळाला हात लावतात त्यांच्यासाठी आहे.

होतं काय, सेट घरघरतो म्हणून तो रिपेअरला जातो. तिथला माणूस स्पीकर टेबलावर ठेवतो, एका सॉकेटात पिन घालतो, हातभर वायरने माईक जोडतो, हॅलो हॅलो करतो, आवाज एकदम स्वच्छ. काही प्रॉब्लेम नाही, घेऊन जा. पुढच्या कार्यक्रमाला परत तेच. मग कुणी म्हणतं रिपेअरवाल्याला काही येत नाही, कुणी म्हणतं मिक्सरच हलका आहे नवीन घ्या, नवीन मिक्सर येतो आणि घरघर जशीच्या तशी.

ह्यात रिपेअरवाल्याचीही चूक नसते आणि बऱ्याचदा मिक्सरचीही नसते. हॉलमध्ये स्पीकर स्टेजजवळच्या बोर्डावर असतात, मिक्सर मागच्या टेबलावर वेगळ्या बोर्डावर, लॅपटॉपचा चार्जर तिसरीकडे, आणि ह्या सगळ्यांना जोडणारी वीस मीटर वायर लाईटच्या एक्स्टेंशनला चिकटून टाकलेली. हे सगळं मिळून एक सर्किट होतं, आणि दोष त्या सर्किटमध्ये असतो. तुम्ही दुकानात नेता ती फक्त पेटी. म्हणून माझं म्हणणं एवढंच की असा परत परत येणारा आवाज जिथे येतो तिथेच, सगळं जसं जोडलंय तसंच ठेवून शोधायचा असतो, आणि तो शोधायला इंजिनिअर लागत नाही, थोडा धीर लागतो आणि कार्यक्रमाच्या आधीचा अर्धा तास.

आधी कान लावून ऐका कसला आवाज आहे, कारण लोक सगळ्याला 'डिस्टर्बन्स' म्हणून मोकळे होतात. खालच्या सुरातला एकसारखा हम्म्म् असेल तर तो मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०). झींऽऽ असा कोरडा, टोचणारा असेल तर त्यात त्याच्या वरच्या पट्टीतले सूर मिसळलेत, १००, १५०, २०० असे, आणि तेव्हा लाईटचा डिमर, एखादा चार्जर किंवा अर्थिंगचा घोळ ह्यांच्यावर आधी संशय घ्यायचा. सतत श्श्श् येत असेल तर तो वेगळाच विषय, त्याचा अर्थिंगशी काही संबंध नाही. वायर हलली की खरखर येत असेल तर वायर किंवा सॉकेट. शिट्टी म्हणजे फीडबॅक, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून गोल गोल फिरतो तो. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे ते दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात, ती लावून बघितलं तर टोक कुठे येतंय ते दिसतं, फक्त फोनचा माईक खालचे सूर नीट पकडत नाही म्हणून ५० चं टोक बारीक दिसेल, फसू नका.

मग शोधायचं कसं, तर अर्ध्यावर तोडत जायचं. आधी स्पीकरचा व्हॉल्यूम खाली करा (नाहीतर वायर काढताना असा धप्पकन आवाज येतो की सगळे दचकतात आणि स्पीकरलाही ते बरं नाही), इनपुटची वायर काढा, व्हॉल्यूम परत होता तिथे न्या. इनपुटला काहीच नसताना घरघर आहे? मग दोष खरोखर पेटीतला आहे. जुन्या अँपमध्ये पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर सुकतात आणि मग १०० हर्ट्झचा हम येतो, तो दुकानातही ऐकू येईल, खुशाल रिपेअरला न्या, स्वतः उघडू नका, त्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो. पण वायर काढल्यावर सगळं शांत झालं तर स्पीकर निर्दोष, पुढे चला. आता वायर लावा, मिक्सरचे सगळे चॅनेल आणि मास्टर खाली करा. तरी हम आहे म्हणजे तो मिक्सर आणि स्पीकर यांच्या मधल्या वायरीत शिरतोय. नाहीये, मग एकेक चॅनेल वर करत जा, ज्या चॅनेलला येईल त्याच्या मागे जा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मात्र पाळा, लोक घाईत वायरपण बदलतात, सॉकेटपण बदलतात, माईकपण बदलतात, आवाज जातो आणि कशाने गेला ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तो पुढच्या वेळी परत येतो.

बॅटरीवर चालणारा ट्रॉली स्पीकर असेल तर तुमच्याकडे फार भारी हत्यार आहे. चार्जरची पिन काढा आणि बॅटरीवर चालवा. हम क्षणात गेला तर चार्जर किंवा अर्थिंग, दुसरं काही बघायची गरज नाही. उलट बॅटरीवर असताना मोठ्या आवाजाला कर्कश फाटतोय, हळू बोललं की ठीक, तर बॅटरी दमलेली आहे, जोरात लोड आला की व्होल्टेज खाली बसतं. कपाटात महिनोन्महिने रिकामी पडलेली लेड ॲसिड बॅटरी अशी हमखास मरते, आणि दोष मात्र स्पीकरच्या नावावर लागतो.

आता मुख्य चोर, ग्राउंड लूप. मिक्सरला एका बोर्डाचं अर्थिंग मिळालंय, स्पीकरला दुसऱ्या बोर्डाचं. कागदावर दोन्ही शून्य, पण प्रत्यक्षात लांबलांबच्या दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोडंसं व्होल्टेज असतंच. मिक्सर आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या ऑडिओ वायरचं शिल्ड (आतल्या तारांभोवतीची धातूची जाळी) हे त्या दोन अर्थना जोडणारा दुसरा रस्ता झाला, झालं वर्तुळ पुरं. त्या शिल्डमधून मेन्सचा करंट फिरतो आणि तो तुम्हाला हम म्हणून ऐकू येतो. तपासायचं सोपं, चांगल्या जाड एक्स्टेंशनने मिक्सर आणि स्पीकर दोन्ही एकाच बोर्डावर आणा. गेला आवाज? मग कुठलंही नवीन सामान न घेता तुमचं काम झालं. बाकी पोर्टेबल सेटचा एकूण लोड फार नसतो त्यामुळे एका बोर्डावर तो आरामात चालतो, फक्त त्याच बोर्डावर हीटर किंवा मोठे लाईट लावू नका.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट. लूप तोडायचा म्हणून लोक थ्री पिनमधली अर्थिंगची पिनच मोडून टाकतात, किंवा त्यावर टेप गुंडाळतात, किंवा टू पिनचा कन्व्हर्टर लावतात, आणि खरंच सांगतो, आवाज जातो. म्हणूनच ही सवय पसरलीय, 'अर्थ काढ, हम जातो' हे ज्ञान एकमेकांना अभिमानाने देतात. पण ती पिन आवाजासाठी नसते, आत कुठे इन्सुलेशन गेलं आणि लाईव्ह तार पेटीच्या लोखंडाला टेकली तर तो करंट जमिनीत जाऊन फ्यूज उडावा म्हणून असते. ती नसेल तर तो करंट शिल्डमधून थेट माईकच्या धातूच्या जाळीपर्यंत येऊ शकतो, आणि माईक तर बोलणाऱ्याच्या ओठाला टेकलेला. हे घाबरवायला म्हणून लिहीत नाही. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज ह्या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात स्टेजवर माईकला हात लावताच शॉक लागून गेला, अर्थिंगचाच घोळ, वय २७. त्यानंतर इतकी वर्षं गेली तरी आपण पिना मोडतोच आहोत. माईकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्या असं कुणी म्हणालं तर 'होतं तसं कधीकधी' म्हणून हसण्यावारी नेऊ नका, तिथल्या तिथे सगळं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड तपासून घ्या.

लूप तोडायचाच तर सिग्नलच्या बाजूने तोडा, पॉवरच्या बाजूने नाही. एकतर वायर बॅलन्स्ड वापरा, म्हणजे दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर किंवा तीन भागांचा जाड जॅक. ह्यात पिन १ ला शिल्ड असतं आणि २ व ३ वर तोच सिग्नल एकमेकाच्या उलट जातो, वाटेत शिरलेला कचरा मात्र दोन्ही तारांत सारखाच असतो, पुढचं यंत्र दोघांतला फरक घेतं त्यामुळे सारखं ते कापलं जातं आणि हवं ते उरतं. साध्या दोन तारांच्या, म्हणजे अनबॅलन्स्ड वायरीला ही सोय नाही, ती पाचसहा मीटरच्या पुढे न्यायचीच नाही. तरीही हम राहिला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, ह्यात सिग्नल चुंबकीय मार्गाने पुढे जातो आणि दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना लागतच नाहीत. काही जण एका वायरीचं शिल्ड स्पीकरच्या टोकाला कापून ठेवतात, तेही चालतं, पण त्या वायरीवर ठळक लिहून ठेवा, कारण ती चुकून कंडेन्सर माईकला लागली तर माईक मुकाच राहील, त्या माईकला मिक्सरकडून वायरीतूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेला (फँटम पॉवर) परत जायचा रस्ता ते शिल्डच असतं.

लॅपटॉप हे तर हल्लीचं सगळ्यात मोठं दुखणं. हेडफोनच्या बारक्या जॅकमधून मिक्सरला वायर, आणि चार्जर भिंतीत. मग माउस हलवला की चिर्रर्र, फाईल उघडली की टिर्रर्र, आणि खाली कायमचा झीं. चार्जर काढून बघा, नव्वद टक्के वेळा म्हणणार होतो, पण आकडे कशाला, बहुतेक वेळा तिथेच संपतं. कार्यक्रम छोटा असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा आणि बॅटरीवर चालवा, फुकटातला उपाय. मोठा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी छोटी डबी) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या वायरीतला अर्थचा जोड तोडणारं बटण दाबा. ब्लूटूथनेही लूप तुटतो कारण वायरच नाही, फक्त आवाज किंचित उशिरा येतो म्हणून व्हिडिओ दाखवताना ओठ आणि शब्द जुळत नाहीत. जाता जाता एक, लॅपटॉपची स्टिरिओ पिन थेट स्पीकरच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये घातली की गाण्यातला गायकच गायब होतो आणि मागे नुसतं संगीत राहतं, तेव्हा फाईल खराब आहे म्हणून डोकं आपटू नका, डाव्या उजव्या चॅनेलमधलं जे सारखं आहे ते एकमेकांत वजा झालंय एवढंच.

वायर हा विषय लोकांना क्षुल्लक वाटतो. एकदा तुमच्याकडची सगळ्यात जुनी माईकची वायर घ्या, एक्सएलआरचं मागचं टोपण फिरवून काढा आणि उजेडात धरून बघा. वायर घट्ट धरणारी प्लास्टिकची चिमटी बऱ्याचदा जागेवरच नसते, म्हणजे वायर ओढली गेली की सगळा ताण थेट झाळलेल्या टाक्यावर. टाक्याभोवती बारीक करडी रेघ गोल फिरलेली दिसली तर तो सांधा आतून सुटलाय, वरून चिकटल्यासारखा दिसतो पण हलला की खर्रर्र करतो. आणि शिल्डच्या जाळीतला केसाएवढा एखादा तंतू सुटून शेजारच्या पिनेला टेकलेला असतो, तो टेकला की आवाज जातो, सुटला की येतो. ही वायर सरळ पडली असेल तर तासभर नीट चालेल आणि वक्त्याने स्टँड हातात घेऊन दोन पावलं टाकली की सुरू. तपासताना एक टोक धरून वायर इंच इंच वाकवत जा, कुणीतरी स्पीकरपाशी कान देऊन बसू दे, बहुतेक वेळा दोष टोकापासून वीतभर अंतरात सापडतो. हात आणि कोपराभोवती करकचून गुंडाळायची सवय सोडा, आतल्या तारा पीळ खाऊन तिथेच तुटतात. मिक्सरचा नॉब फिरवताना खरखर येत असेल तर आत धूळ आणि गंज, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि नॉब वीसेक वेळा फिरवणं, बास.

बाकीचं थोडक्यात. सतत श्श्श् येत असेल तर मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा तो नॉब) कमी आणि स्पीकरचा व्हॉल्यूम फुल्ल अशी उलटी व्यवस्था केलेली असते. स्पीकर मध्यावर ठेवा, मास्टर शून्याच्या खुणेजवळ, आणि वक्ता खरोखर जितक्या जोरात बोलणारे तितक्या जोरात कुणालातरी बोलायला लावून गेन वाढवा, लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे घ्या. स्पीकरच्या मागे माईक आणि लाईन असं बटण असतं, मिक्सरची वायर लावल्यावर ते लाईनवर पाहिजे, माईकवर राहिलं तर श्श्श् पण येईल आणि आवाजही फाटेल. न वापरलेले चॅनेल खाली ठेवा, आणि तो एको, कृपा करून तो एको भाषणाला बंद ठेवा.

मिक्सरपाशी फोन ठेवून मध्येच ट्ट-ट्ट-ट्ट-ट्टर्र येतं ते जुन्या टूजी सिग्नलचे झटके, सेकंदाला साधारण २१७ वेळा फोन प्रसारण करतो तेच ऐकू येतं. यंत्राच्या आत पिन १ चं शिल्ड पेटीच्या धातूला न जोडता सर्किट बोर्डावर नेलं असेल तर असली घाण सरळ आत शिरते, नील मन्सी ह्या ऑडिओ इंजिनिअरने १९९५ साली हे मांडलं आणि 'पिन १ प्रॉब्लेम' ह्याच नावाने ते ओळखलं जातं. आपल्याला ते बदलता येत नाही, फोन चार हात लांब ठेवता येतो. कॉर्डलेस माईक तुटत असेल तर रिसीव्हर मागच्या टेबलावरून उचलून स्टेजजवळ, माणसाच्या छातीच्या वर उंचीवर ठेवा, माणसाचं शरीर सिग्नल शोषतं आणि मध्ये अख्खी गर्दी उभी असते. २.४ गिगाहर्ट्झवाला स्वस्त सेट असेल तर वायफाय राउटरपासून लांब. आणि दर कार्यक्रमाला नवीन सेल, त्यात काटकसर नको.

शिट्टीबद्दल लोकांना वाटतं ऑपरेटर झोपलाय. स्पीकर माईकच्या पुढे, माईकची पाठ स्पीकरकडे, आणि तोंड माईकच्या जवळ, एवढं झालं तर निम्म्या शिट्ट्या वाजतच नाहीत. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माईकला मिळणारा आवाज जवळजवळ ६ डेसिबलने वाढतो, तेवढं मिक्सरवर कमी करता येतं. उलट उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबलची जागा जाते, म्हणून टेबलावर पाच माईक मांडून पाचही चालू ठेवायची हौस बंद करा. माईकची जाळी मुठीत धरणारे वक्ते आणि गायक, त्यांना कोण सांगणार, मूठ आवळली की त्या माईकची दिशाच जाते आणि तो सगळीकडचं ऐकायला लागतो. माईकवर फुंकर मारून टेस्ट करू नका, बोटाने टकटक पण नको, सरळ बोला.

हॉल चालवणाऱ्यांना एक विनंती ह्या पत्राने पोचली तर बरं होईल. स्टेज आणि मागचं साउंडचं टेबल यांना एकाच अर्थिंगचे, एकाच सर्किटवरचे दोन बोर्ड देऊन ठेवा, त्यावर 'फक्त साउंड' असं लिहा, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा अर्थ लीकेजचा ब्रेकर बसवा. डिमर लावलेल्या लाईटची लाईन वेगळी. जिथे ऑडिओची वायर पॉवरच्या वायरीला ओलांडते तिथे काटकोनात ओलांडू द्या, शेजारी शेजारी पळवू नका. आयोजकांनीही साउंडवाल्याला पाहुणे यायच्या अर्धा तास आधी हॉल मोकळा द्यावा, दीपप्रज्वलनाची तयारी चालू असताना शेवटच्या पाच मिनिटांत 'चालू कर रे' म्हटलं की तो बिचारा शोधणार काय.

आणि ज्यांचा स्वतःचा सेट आहे त्यांनी खराब निघालेली वायर परत त्याच पिशवीत टाकू नका. कार्यक्रम संपला की सगळे दमलेले असतात, वायरी गोळा करून एकत्र कोंबल्या जातात, आणि पुढच्या वेळी सेट लावणारा माणूस वेगळा असतो, त्याला ती खरखरणारी वायर कुठली ते कसं कळणार. दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा आणि दुरुस्त होईपर्यंत वेगळी ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक आणि साउंडवाला